एकशे दोन वाट्यांचं बारसं

मला शत्रू नाही! उरला या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका रोलिंग मिलमध्ये बारा वर्षं डिस्पॅचला बसतो आहे, पण ट्रकवाल्यांपासून मालकापर्यंत एकाशीही वाकडं नाही. रहस्य एकच. मी कुणालाही 'नाही' म्हणत नाही. "आज गाडी भरून देता?" हो! "माझी आधी भरता?" हो! पुढचं पुढे. तुम्हीही करून बघा. म्हणजे, थांबा, आधी हे वाचा.

मुलगी झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी नागपूरहून प्रमोदिनीताईचा फोन आला. ताई माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो, ताई अठराची. तिनंच मला वाढवलं, शिकवलं, बदडलं. ताई रागावली की ओरडत नाही, बोलणंच बंद करते. माझ्या लग्नाचा बँड मी तिला न विचारता ठरवला, तर आठ महिने अबोला! ते आठ महिने मी अजून विसरलेलो नाही.

"स्वानंद, पोट्टीचं नाव इंदुमती," ताई म्हणाली. "आपल्या आईचं. आत्या मी आहो, नाव ठेवायचा मान माझा. दुसरं काहीच मागून नाही राहिली मी तुले."

"हो ताई!"

त्याच संध्याकाळी सासूबाई मला जेवायला वाढत होत्या. त्या, म्हणजे शांताबाई, बाळंतपणासाठी आमच्याकडेच मुक्कामाला होत्या.

"जावाईबापू, पोट्टीचं नाव मोबाईलमध्ये पाहून ठेवलं मी. मायरा! अख्ख्या पाऱ्यात, साऱ्या मोहल्ल्यात कोणाचंच नाही." वरणाचा डाव माझ्या ताटावर अधांतरी थांबला. "आवडलं ना?"

"हो! छानच आहे!"

डाव खाली आला. बारशाला सव्वा महिना अवकाश होता. तेवढ्यात दोघींपैकी कुणीतरी विसरेल, असा माझा हिशेब.

कुणीही विसरलं नाही! महिन्याभरानं सासूबाईंनी मला गोल बाजारात पिटाळलं. बारशाला येणाऱ्या बायकांना वाटायला त्यांनी स्टीलच्या एकावन्न वाट्या सांगून ठेवल्या होत्या. दुकानात पोचलो तर भांडेवाला मशीन हातात घेऊन वाटीवर करकर करत होता.

"भैया, नाम मत डालो!" मी ओरडलो.

"अब बोल रहे हो? पचास हो गए भैया. ये आखरी है."

पन्नास ठिकाणी 'मायरा' चकाकत होतं. तेवढ्यात ताईनं फोटो पाठवला. त्यातही वाट्याच! मागोमाग फोन आला. "पाह्यलं का रे? इतवारीतून घेतल्या. एकावन्न. सगळ्यांवर चि. इंदुमती टाकून घेतलं."

मी तिथल्याच एका पालथ्या गंजावर, मोठ्या पातेल्यावर, बसलो. भांडेवाल्यानं मला पाणी दिलं, तेही वाटीतून.

वाट्या मी मिलच्या कपाटात दडवल्या. सासूबाई रोज विचारायच्या, मी रोज "पॉलिश बाकी आहे" म्हणायचो. शेवटी त्या म्हणाल्या, "मीच जाऊन येते दुकानात." झालं! बारशाच्या सकाळी वाट्यांचं पोतं घरी आणून पलंगाखाली सरकवलं. तासाभरात ताई गाडीनं आली. तिचंही पोतं स्टेशनवरून मीच खांद्यावर आणलं. प्रत्येक पावलाला ते वाजायचं आणि मी मोठ्यानं खोकायचो. तेही पलंगाखालीच गेलं, दुसरी जागा होती कुठे?

पाळणा सजला. पाऱ्यातल्या बायका जमल्या. सासूबाई वाट्या काढायला पलंगाखाली वाकल्या आणि त्यांनी नेमकं ताईचं पोतं ओढलं.

"इंदुमती?" त्यांनी वाटी डोळ्यांजवळ नेली. "हे कोण?"

"माही भाची," ताई म्हणाली.

"माझी नात मायरा आहे!" सासूबाईंनी दुसरं पोतंही ओढलं. पुरावा खणखणत फरशीवर पसरला.

दोघी माझ्याकडे वळल्या. पळावं म्हटलं तर दारात पंधरा बायका बसलेल्या!

"स्वानंद, तू हो म्हटलं होतं ना?"

"जावाईबापू, तुम्ही हो म्हटलं होतं ना?"

"हो," मी म्हणालो.

माझी बायको क्षमा बाळाला घेऊन शांतपणे आतून आली. तिच्या हातात एक कागद होता. जन्माचा दाखला!

"नाव रेवा आहे. महिना झाला नोंदवून. अर्जावर सही यांचीच आहे." ती माझ्याकडे वळली. "तुम्ही मोबाईल पाहून राहिले होते. मी विचारलं, रेवा चालेल का? तुम्ही म्हणाले, हो."

सासूबाई फणफणल्या, ते एक वेळ सोसलं असतं. पण ताई काहीच बोलली नाही. पाळण्याची दोरी धरून खाली बसली. सुरू झाला अबोला!

"ताई, बोल ना काही," मी तिच्यापुढे बसलो. सगळ्या बायकांसमोर बोलून टाकलं. "मले तुही भीती वाटते. तू बोलणं बंद केलं का मले आई पुन्हा गेल्यासारखं होते. म्हणून हो म्हणून बसलो."

ताईनं पदरानं डोळे पुसले. "अरे गधड्या, नाही म्हटलं असतं तर दोन दिवस रागावली असती मी. तिसऱ्या दिवशी मीच फोन केला असता. आता काय करू या वाट्यायचं?"

मग ती उठली. "शांताबाई, पाळण्यात नावं चार चार ठेवतात. आपण तीन ठेवू. क्षमाचं पहिलं, आईचं दुसरं, तुमचं तिसरं. बोलावायचं ते रेवाच."

सासूबाईंनी मान डोलावली. "हव, चालते!" पाऱ्यातल्या बायकांनीही निकाल दिला.

ताई पाळण्यावर वाकली. नाव कानात सांगताना आत्याच्या पाठीवर बायकांनी थापा मारायच्या, अशी रीत आहे. पंधरा हात वर झाले.

"थांबा," ताई म्हणाली. "आज थापा याच्या पाठीवर. चालेल ना रे?"

मी म्हणालो, "हो."

तीन नावं, तीन वेळा कुर्रर्र! त्यातल्या सासूबाईंच्या थापा मला वेगळ्या ओळखू आल्या. आमची रेवा अजून पालथी पडायला शिकलेली नाही. बाप मात्र चार दिवसांपासून पालथाच झोपतो आहे!