आसनरावांचा आ

कर्करोग प्रतिबंध व नियंत्रणासाठीच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य परिषदेत कोणत्या देशाने कुठे बसावे, हे ठरवण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांना कार्यालयात सगळे आसनराव म्हणत. काम नाजूक होते. एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन देशांच्या मध्ये दोघांशीही न बोलणारा तिसरा देश बसवावा लागे. मागच्या परिषदेत एकाचा झेंडा शेजाऱ्याच्या झेंड्यापेक्षा बोटभर उंच निघाला आणि सकाळभर कर्करोग बाजूला ठेवून झेंड्याचीच चर्चा झाली. यंदा आसनराव स्वतः मोजपट्टी घेऊन फिरत होते.

त्यांच्या गालात आतून एक पांढरट चट्टा होता. बरेच महिने होता. तिखट लागले की झोंबे.

"अहो, दाखवा ना कुणाला तरी," बायको म्हणे.

"अगं, परिषद होऊ दे. जगभरचे डॉक्टर इथंच येतायत. मग साध्या दवाखान्यात रांग कशाला लावू?"

"तंबाखू बरा थांबत नाही परिषदेसाठी," ती म्हणे. रागापेक्षा तिला भीती जास्त होती. तिच्या वडिलांचे दुखणे असेच गालातून सुरू झाले होते आणि तेही 'बघू नंतर' म्हणणाऱ्यांतलेच होते.

सभागृहाच्या दारावर आसनरावांनी स्वतःच्या हाताने फलक लावला : 'तोंडातला चट्टा बरा होत नाही? आजच दाखवा.' फलक सरळ लागला की नाही, हे त्यांनी लांब उभे राहून पाहिले. मजकूर त्यांना पाठच होता.

पहिल्याच दिवशी चहाच्या सुटीत त्यांनी एका थोर तज्ज्ञांना गाठले. "साहेब, जरा माझ्या गालात..."

"मी प्रतिबंध विभागाचा," तज्ज्ञ सौजन्याने म्हणाले. "तुम्हाला आधीच काही झालं असेल, तर नियंत्रणवाल्यांना भेटा."

नियंत्रणवाले म्हणाले, "निदान कुठं झालंय अजून? त्याशिवाय आम्हाला हात लावता येत नाही. तुम्ही प्रतिबंधाकडचेच."

निदानाची उपसमिती होती, पण अध्यक्ष कोणत्या देशाचा यावर एकमत न झाल्याने ती बरखास्त झाली होती. खरे सहकार्य जिन्याखाली चालू होते. तिथे एका देशाची सिगारेट दुसऱ्या देशाच्या काडीने पेटत होती आणि तिसरा देश राखेसाठी बशी धरून उभा होता. आसनरावांनीही तिथेच चिमूटभर तंबाखू मळला.

दुसऱ्या दिवशी संचालक धावत आले. "आसनराव, मोफत तपासणीचा फोटो काढायचाय आणि रुग्णच नाही. आला होता म्हणे, पण ओळखपत्र नव्हतं म्हणून दारावरून परत पाठवला. तुम्ही बसा."

आसनरावांना देव पावला. जन्मभर दुसऱ्यांना बसवणारा माणूस आज स्वतः खुर्चीत बसला आणि त्याने आ वासला. भोवती तज्ज्ञांचे कडे झाले. एकाने तोंडात विजेरीचा झोत सोडला आणि सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिले. आसनराव आ तसाच ठेवून काहीतरी सांगू लागले.

"बोलू नका काका, फोटो हलतो," छायाचित्रकार म्हणाला.

नंतर त्यानेच फोटो पडद्यावर मोठा करून पाहिला. "काका, गालात हे पांढरं काय आहे?"

आसनरावांचे डोळे भरून आले. "तेच तर सांगतोय रे मी सगळ्यांना."

"मग काळजी कसली? काढून टाकतो," तो म्हणाला, आणि बसल्या जागी त्याने चट्टा पुसून टाकला.

समारोपाला तो फोटो भिंतभर लागला. खाली लिहिले होते : 'सहकार्याचे पहिले लाभार्थी.' टाळ्या थांबल्यावर आसनरावांनी संचालकांना बाजूला घेतले. "साहेब, मला खरंच चट्टा आहे हो."

संचालकांनी भिंतीवरचे तोंड बारकाईने न्याहाळले. "कुठाय? उगाच मनात काही आणू नका. इतक्या देशांच्या तज्ज्ञांनी पाहिलेलं तोंड आहे ते. आता त्यात काही निघालं, तर ठराव बदलावा लागेल. पुढच्या परिषदेत घेऊ."

घरी बायकोने सगळे ऐकून घेतले, त्यांच्या खिशातली पुडी काढून मोरीत ओतली आणि चपला पायात सरकवल्या. "चला."

साध्या दवाखान्यात रांग होती. भिंतीवर परिषदेच्या भित्तिपत्रकात आसनराव आ करून होतेच. शेजारचा माणूस फोटोकडे बघत म्हणाला, "याचं काय, याचं तोंड ठणठणीत आहे."

डॉक्टरीणबाईंनी कुणाच्याही विभागाची चौकशी न करता गाल ओढून आत पाहिले. त्या हसल्या नाहीत. "तुकडा काढून तपासायला पाठवू. इतके दिवस काय करत होतात?"

"लवकर दाखवा, हे लोकांना सांगायची व्यवस्था बघत होतो," आसनराव म्हणाले. बायकोने त्यांचा हात घट्ट धरला.

बाहेर आल्यावर शेजारच्या माणसाला ही हकीकत कळली, तेव्हा तो पोट धरून हसला. आपल्याही जिभेच्या कडेला काहीतरी खुपते आहे, ते आज नको, पुढच्या आठवड्यात दाखवू, असे म्हणून तो रांगेतून उठून गेला.

तुम्हीही हसलात. हसायलाच हवे. मात्र त्या निमित्ताने तोंड उघडलेच आहे, तर मिटण्यापूर्वी जरा आरशासमोर जाऊन या. आणि हे वाचून झाल्यावर बघू, असे म्हणू नका. वाचून झाले आहे.