भालेरावांचा पिचर

इंग्लंडातल्या मेडनहेडमध्ये राहून अमेरिकेतल्या बेसबॉल खेळाडूसाठी गणपतीला नवस बोलणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे शेजारी, वसंतराव भालेराव. त्यांच्या लाडक्या पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, करार गेल्या ऑक्टोबरात संपला. तो जुन्या टीमशी पुन्हा सही करेपर्यंत वसंतरावांनी साखर सोडली.

माझी पत्नी गेल्यापासून ते रोज दुपारी चहाला येत. माझी विचारपूस करायला म्हणून. विचारपूस व्हायची ती पिचरची.

"काही कळलं का?" दारातच विचारत, जणू त्याचा एजंट माझ्या स्वयंपाकघरात बसलाय.

तरुणपणी ते वर्षभर अमेरिकेत इंजिनियर होते. खोलीशेजारी त्या टीमचं मैदान होतं. तेवढ्यावर ही निष्ठा! "दुसरी टीम दुप्पट देतेय म्हणे. देऊ दे! ज्यांनी घडवलं, त्यांचं मीठ खाल्लंय ना?" हे मीठ सगळ्यांना लागू. मी ब्रॉडबँडची कंपनी बदलली, तेव्हा ते दोन दिवस फिरकले नव्हते.

डिसेंबरात त्यांचे गाल बसले. "तो जाणार, बघा तुम्ही," म्हणत रिकामा कप बशीत फिरवत राहायचे. एका परक्या खेळाडूपायी इतकी धास्ती? मला कळेना.

मग एका रविवारी ते मुलीला घेऊन आले. मृणाल इथेच जन्मलेली, केंब्रिजला संशोधन करते. दर रविवारी बापाला भेटायला येते. तिला अमेरिकेतल्या एका लॅबने बोलावलं होतं, तेही ऑक्टोबरातच. वसंतराव मला त्याबद्दल एका शब्दाने बोलले नव्हते.

"काका, मी नो म्हणणार आहे," ती म्हणाली. "पगार डबल आहे, बट इथला लॅब मला ट्रेन केला. आणि बाबा इथे एकटा... सॉरी, एकटे."

त्यांना हवं तेच ती बोलत होती. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"लॅबने उपकार केले का?" वसंतराव कडाडले. "तू काम केलंस, त्यांनी पगार दिला. फिटलं! उद्याच सही कर."

"पण बाबा, त्या पिचरला तर तुम्ही इतकं—"

"त्याचं त्याचा बाप बघेल. मी तुझा आहे."

फेब्रुवारीत तिला विमानतळावर सोडून ते थेट माझ्याकडे आले. कोट न काढताच बसले.

"अहो, व्हिडिओ कॉलला खिडकीकडे तोंड करून बसायचं की पाठ?"

"तोंड करून. चेहरा स्पष्ट दिसतो."

"डोळेबिळेही?"

"हो."

त्यांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"मग पाठच करून बसतो."