डोंगराकडे पाठ

टिपणीस काकांनी आयफेल टॉवर पाहिलेला नाही. पॅरिसला त्यांचं इतक्यांदा जाणं झालंय की तिथल्या भुयारी रेल्वेत ते फ्रेंच माणसांनाच रस्ता सांगतात. पण टॉवर पाहिलेला नाही. गणपतीमागे मखर असावं तसा तो त्यांच्या मागे उभा असतो, एवढंच. रोमच्या कलोसियमचंही तेच. म्हणजे हा माणूस गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, सगळा युरोप हिंडतो, त्या त्या जगप्रसिद्ध ठिकाणी वेळेवर पोचतो, आणि तिकडे पाठ करून उभा राहतो. समोरून येणाऱ्या लोकांचे चेहरे बघत.

"वास्तू काय, फोटोतसुद्धा असते," असं त्यांचं म्हणणं. "पण ती पहिल्यांदा दिसल्यावर माणसाचं जे होतं, ते बघायला जागेवरच जावं लागतं."

यावरून घोटाळे होतात. प्रागच्या त्या जुन्या घड्याळाखाली सगळे माना वर करून उभे असताना काका एकटेच गर्दीकडे तोंड करून, टोपी हातात धरून उभे होते. हा काहीतरी करून दाखवणार, अशा समजुतीने एका आजीबाईंनी टोपीत नाणं टाकलं. काकांनी ते परत केलं नाही. म्हणाले, "देताना काय सुंदर हसली रे. परत केलं असतं तर ते हसूही परत गेलं असतं."

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये आमच्या आणि त्यांच्या घराची भिंत एकच आहे. आम्ही राहायला आलो तेव्हा कुंदाकाकू जाऊन वर्ष झालं होतं, त्यामुळे त्यांना मी कधी पाहिलं नाही. काका रिटायर्ड ऑप्टिशियन. दादरहून तरुणपणी इथे आले आणि पुढची सगळी वर्षं त्यांनी अंधाऱ्या खोलीत लोकांच्या डोळ्यांत टॉर्च मारण्यात घालवली. डोळे तपासताना भिंग बदलत "नंबर वन, ऑर नंबर टू?" असं विचारतात ना, ते काकांच्या जिभेला कायमचं चिकटलंय. फक्त त्याचं मराठी झालंय. चहाचे दोन कप समोर ठेवून ते विचारतात, "एक बरं, की दोन?" पडद्याचे नमुने, भाजीतलं मीठ, टीव्हीचा आवाज, सगळीकडे तेच. एकदा मी त्यांना घेऊन गाडी घ्यायला गेलो आणि बसने परत आलो. त्यांनी मला इतक्या वेळा एक की दोन विचारलं, की मला गाडी हवीय की नको हेच कळेना.

माझी प्रवासाची रीत याच्या अगदी उलटी. मी प्रवास करत नाही, मी तो राबवतो. माझी एक्सेल शीट असते. त्यात पाव-पाव तासाचे रंगीत चौकोन असतात आणि 'उत्स्फूर्त भटकंती' यालाही एक चौकोन असतो, फिका जांभळा. दिसेल त्याचा मी फोटो काढतो आणि तो पुन्हा कधी बघत नाही. तर अशी एक अत्यंत रंगीत शीट घेऊन मी आणि माझी बायको मुग्धा पॅरिसला निघालो. माझा पासपोर्ट अजून भारताचा, म्हणजे व्हिसा आला. तो मी वेळेत काढला, नीट फाइलमध्ये लावला, आणि ल्यूटन विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने फार गोड आवाजात दाखवून दिलं की आज शुक्रवार आहे, आणि हा व्हिसा उद्या शनिवारपासून सुरू होतो.

आम्ही बॅगा ओढत घरी आलो तेव्हा काका कचऱ्याचा डबा बाहेर ठेवत होते. त्यांनी आधी मुग्धाचा चेहरा पाहिला. मग माझा पाहिला.

"निखिल," ते म्हणाले, "तुझ्या चेहऱ्यावर अजून एक्सेल उघडंच आहे. बंद कर ते आणि जेवायला या."

त्या संध्याकाळी खिचडी खाता खाता आम्ही त्यांची भिंत पहिल्यांदा नीट पाहिली. भिंतभर फ्रेम केलेले फोटो. प्रत्येकाखाली सुबक अक्षरात नाव: आयफेल टॉवर, पिसाचा मनोरा, ऱ्हाइनचा धबधबा, ॲम्स्टरडॅमची ट्यूलिपं. आणि प्रत्येक फोटोत एकच बाई. तीही इतक्या जवळून की मागे ना टॉवर, ना मनोरा. पिसाला तिची मान एका बाजूला किंचित कलली होती. धबधब्यात तिच्या चष्म्यावर थेंब होते. ट्यूलिपांमध्ये ती शिंकणार होती, असं मला वाटलं. मुग्धा म्हणाली, शिंकणार नव्हती, रडणार होती, आनंदाने.

"करेक्ट," काका मुग्धाला म्हणाले. माझ्याकडे त्यांनी जरा दयेने पाहिलं.

सगळा युरोप बघून झाल्यावर मुग्धाने विचारलं, "काका, लग्नात सासू आरशात सुनेचं तोंड बघते, तसं हे तुम्ही जगाचं सूनमुख बघता का?"

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "जगाचं नाही गं. हिचंच."

मग हळूहळू कळलं. कुंदाकाकू मिरजेच्या मोठ्या घरातल्या. पाहुण्यांना वाढून उरेल ते आपलं, अशा शिस्तीत वाढलेल्या. त्यांना काहीही विचारलं तरी एकच उत्तर यायचं, "चालेल." साडी हिरवी की निळी? कुठलीही चालेल. चित्रपट की नाटक? काहीही चालेल. काका म्हणाले, "माझा धंदाच लोकांना काय बरं दिसतं ते शोधून काढायचा. मुकी पोरं, हट्टी म्हातारे, सगळ्यांचा नंबर मी काढला. हिचा काढता येईना. घरात एवढी वर्षं, आणि बायकोला नक्की काय आवडतं हे मला ठाऊक नाही."

मग ते एकदा स्वित्झर्लंडला गेले. आगगाडीत समोरासमोरच्या जागा मिळाल्या, काकूंचं तोंड गाडी जाते तिकडे, काकांचं उलट्या बाजूला. "डोंगर आधी तिला दिसायचा, मग मला. पहिला आला तेव्हा मला वाटलं, हिला काही दुखतंय का. असा चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. तळं आलं, वेगळा चेहरा. पूल आला, काहीच नाही. म्हणजे पूल आवडत नाहीत! मला कळलं रे! तिला विचारलं, 'पूल आवडत नाहीत ना तुला?' तर म्हणते, 'तसं काही नाही, चालेल की.' पण आता मला फसवणं शक्य नव्हतं."

त्यानंतर त्यांनी काकूंना काही विचारलं नाही. दरवर्षी कुठेतरी नेलं, आणि आपण उलट्या तोंडाने उभे राहिले. काकू गेल्यावरही ते तसेच उभे राहतात, आता अनोळखी चेहऱ्यांसमोर.

एक जागा मात्र राहिली. काकूंच्या वडिलांच्या दवाखान्यात एक जुनं कॅलेंडर होतं. त्यातलं वर्ष कधीच संपलेलं, पण चित्रासाठी ठेवलेलं. वाकड्या टोकाचा एकटा डोंगर, मॅटरहॉर्न. लहानपणी काकू त्या चित्राखालच्या बाकावर बसून अभ्यास करायच्या. स्वित्झर्लंडला इतक्यांदा जाऊनही त्या डोंगराच्या पायथ्याच्या झेरमाट गावाचा विषय निघाला की त्या म्हणायच्या, "तो शेवटी." आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांनी स्वतःहून ठरवलेली, म्हणून काकांनी घाई केली नाही. आणि मग आजारपण आलं.

मागच्या उन्हाळ्यात काका आमच्याकडे आले. दारातच उभे राहिले, चपला न काढता. मुग्धाला म्हणाले, झेरमाटला जायचंय, तू येशील का? तुला फक्त बघायचं आहे, बाकी सगळं मी करीन. अनोळखी चेहऱ्यावरचं मला अर्धंच वाचता येतं, आणि हा डोंगर अर्धा नको आहे.

मुग्धाला सुट्टी मिळत नव्हती. तिने माझ्याकडे बोट दाखवलं. काकांनी मला नीट न्याहाळलं.

"हा?"

"एवढाच शिल्लक आहे, काका."

"चेहरा जरा प्रोग्रामरचा आहे," ते म्हणाले. "पण बघू."

व्हिसाची तारीख या वेळी मुग्धाने तपासली. जायच्या आदल्या दिवशी ती मला एवढंच म्हणाली, "त्यांना तो डोंगर एकदाच पहिल्यांदा दिसणार आहे. तेवढं वाया घालवू नकोस."

मी ते स्टेशनातून बाहेर पडता पडताच घालवलं. झेरमाटला गावात शिरताना तो दिसतो म्हणतात. मला माहीत नाही. मी हॉटेलचा रस्ता शोधत होतो. फोन एका हातात, बॅग दुसऱ्या, आणि काका माझ्यासमोर उलटे चालताहेत, टक लावून. मी मान वर केली तेव्हा ढग आले होते.

"काका, तुम्हाला दिसला?"

"दिसलं ना. तुझ्या चेहऱ्यावर 'टर्न लेफ्ट' लिहिलं होतं." चिडले नव्हते ते. चिडले असते तर बरं झालं असतं.

दुसरा अख्खा दिवस ढग. आम्ही कॉफी प्यायलो, दोन प्रकारची, एक बरी की दोन ते ठरवलं, पुन्हा प्यायलो. काका खिडकीकडे पाठ करून बसले होते आणि दर थोड्या वेळाने माझ्याकडे बघत होते, जसं आपण दाराकडे बघतो. परतीची गाडी तिसऱ्या दिवशी दुपारची होती. सकाळी मी बाथरूममध्ये शिरलो आणि आरशासमोर सराव केला. भुवया वर. तोंड किंचित उघडं. विस्मय जमला, पण त्यात भक्ती घालायला गेलो की दाढ दुखल्यासारखं दिसे. मी पुन्हा पुन्हा करून पाहत होतो, तोंडातून थोडा 'आहा' असा आवाजही जात असावा, कारण बाहेरून काका म्हणाले, "निखिल, पोट ठीक आहे ना?"

दातेरी रुळावरून चढणाऱ्या गाडीने आम्ही मॅटरहॉर्नसमोरच्या कड्यावर गेलो. वर कडाक्याची थंडी आणि पांढरा पडदा. लोक कॅमेरे काढून उभे होते, पडदा कुठे उघडेल त्या अंदाजाने. काकांनी माझा फोन मागून घेतला आणि आपल्या कोटाच्या खिशात टाकला. मग डोंगर असायला हवा तिकडे पाठ करून, माझ्यासमोर हातभर अंतरावर उभे राहिले. लोकरी टोपी, नाक लाल झालेलं. चष्मा पुसला. परत पुसला.

मी तयारीत भुवया वर केल्या.

"नाटक करू नकोस," ते म्हणाले.

मी भुवया खाली आणल्या. त्यानंतर बराच वेळ काही झालं नाही. मग आजूबाजूची बडबड कमी व्हायला लागली, वर्गात बाई आल्यावर होते तशी. काकांच्या टोपीच्या वर काहीतरी उजळतंय एवढं मला जाणवलं. मी अजून तिकडे पाहिलं नव्हतं. मी काकांकडेच पाहत होतो, आणि ते माझ्याकडे, डोळे बारीक करून, परीक्षेचा निकाल वाचावा तसे. आणि माझी हिंमतच गेली. दवाखान्यातल्या बाकावरची ती मुलगी, ते कॅलेंडर, 'तो शेवटी', हे सगळं माझ्या या तोंडावर कुठून येणार? पुन्हा 'टर्न लेफ्ट' निघालं तर?

मी त्यांचे खांदे धरले. "काका, वळा."

"अरे, तू बघ ना. मी इथून..."

"माझ्या चेहऱ्यावर नाही मावणार तो. तुम्ही वळा."

ते वळेनात. अंग ताठ केलं होतं त्यांनी, इंजेक्शनला घाबरणाऱ्या पोरासारखं. मी त्यांना तसंच धरून फिरवलं, आणि पटकन पुढे जाऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. डोंगराकडे पाठ करून.

आधी त्यांच्या भुवया वर गेल्या, फार हळू. मग तोंड जरासं उघडलं. मी आरशासमोर केलं होतं तसं अजिबात नव्हतं ते. एक डोळा भरला, दुसरा कोरडाच होता. मान एका बाजूला किंचित कलली, आणि ही मान मी कुठे पाहिली आहे ते मला एकदम आठवलं. मागून कुणीतरी मला बाजूला व्हायला सांगत होतं. मी झालो नाही.

"कसा आहे, काका?" मी विचारलं.

त्यांनी माझा खांदा धरून ठेवला होता, घट्ट.

"चालेल," ते म्हणाले.

फोन परत माझ्या हातात आला तेव्हा आम्ही गाडीत होतो आणि पुन्हा ढग होते. घरी आल्यावर मुग्धाने फोटो मागितले. नाहीत म्हटल्यावर तिला वाटलं, मी नेहमीसारखा काहीतरी घोळ घातला. निदान सांग तरी, म्हणाली, कसा दिसतो मॅटरहॉर्न?

मी आठवून पाहिलं.

"हनुवटीपाशी जरा थरथरतो," मी म्हटलं.