पेशींसाठी हुबेहूब वातावरण

प्रयोगशाळेत तिला सगळे पेशीताईच म्हणत. माणसाच्या मूळपेशी वाढवून त्यांतून हृदयाच्या पेशी घडवायच्या, हे तिचं काम. नुसत्या काचेवर त्या पेशी रुसून बसायच्या. मग तिनं त्यांना मऊ जेलीचा बिछाना केला, अंगाइतकी ऊब दिली, हलके हेलकावे दिले. आणि बशीतला तो मसुराएवढा ठिपका चक्क धडधडू लागला!

"आपण शरीराबाहेर आहोत हे त्यांना कळणारसुद्धा नाही!" तिनं बैठकीत ठणकावून सांगितलं. "वातावरण हुबेहूब!"

संचालक हरखले. कामाला मुदतवाढ देणारे मोठे साहेब यायचेच होते. आधी पाहणी करायला संचालक स्वतः खाली उतरले आणि पेशींना ऊब देणाऱ्या इन्क्युबेटरसमोर थबकले.

"वातावरण कुठंय?"

"आत, सर. बशीत."

"एवढंसं?"

"पेशींना पुष्कळ होतं."

"पेशींना होईल हो, पाहुण्यांना कसं पुरेल?"

झालं! ठरल्या दिवशी सजावटवाला सकाळीच हजर. भिंतींना लाल मखमली पडदे, छताला लाल दिवे, कोपऱ्यात भला मोठा स्पीकर. त्यातून 'धडधड, धडधड' असा आवाज की खिडक्यांची तावदानं थरथरू लागली! पेशीताई कोट बदलायला गेली तेवढ्यात दिव्यांचा प्लग लावायला जागा कमी पडली. सजावटवाल्यानं भिंतीजवळच्या फ्रिजसारख्या दिसणाऱ्या कपाटाचा प्लग काढला. इन्क्युबेटर बिचारा धोक्याची शिटी वाजवून वाजवून थकला. त्या धडधडाटात त्याला कोण विचारतो!

मोठे साहेब आले. पेशीताईनं बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तेव्हा ती हाताला गारढोण लागली. पण साहेबांनी डोळा लावलासुद्धा.

"हलतंय! वा! काय फडफडतंय!"

टाळ्यांचा कडकडाट! पेशीताईनं घाईनं वाकून पाहिलं. ठिपका निपचित पडला होता. गप्प बसली असती तर मुदतवाढ खिशात होती. पण तिला राहवेना.

"साहेब... ती तुमची पापणी होती."

टाळ्या जागच्या जागी थिजल्या. संचालकांचा चेहरा पडद्यांहून लाल झाला. साहेब चहाला निघून गेले.

तिनं दिव्यांचा प्लग उपटला, इन्क्युबेटर सुरू केला, बशी आत ठेवली आणि काळोखात स्टुलावर बसून राहिली. कितीतरी वेळानं पाहिलं, तर ठिपका एकदा आकसला. थांबला. पुन्हा आकसला. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

तेवढ्यात दार ढकलून संचालक धावतच आत आले.

"अभिनंदन! मुदतवाढ मिळाली! साहेब भलतेच खूश झालेत, म्हणाले, असं जिवंत वातावरण कुठं पाहिलं नाही! आता ही खोली कायम अशीच ठेवायची."

"खरंच?" पेशीताईचा कानांवर विश्वास बसेना. "आणि माझ्या पेशी?"

"त्यांचीही सोय केलीय," संचालक पडद्याची चुणी नीट करत म्हणाले. "जिन्याखालची खोली रिकामीच आहे!"