प्रभाकरचा सहा तुकड्यांचा शब्द

प्रभाकर इंग्रजी शब्द चावत नाही, कच्चे गिळतो, अशी आवडाबाईंची तक्रार होती. मुंबईला डॉक्टरी शिकणारा मुलगा, उद्या तोंडी परीक्षा, आणि मानेतल्या एका स्नायूच्या नावापाशी चिखलातल्या बैलासारखा बसलेला! नापास झाला, की काखेत पंचांग मारून काकांच्या मागे कल्याणभर भिक्षुकी ठरलेलीच.

"हळू म्हण. तुकडे किती?"

"सहा. स्टर्-नो-क्लाय-डो-मॅस्-टॉइड. जोर 'मॅस'वर. मूळ ग्रीक आहे, आई. स्टर्नो म्हणजे छाती, क्लायडो म्हणजे किल्ली."

"किल्ली?" आवडाबाईंचा हात कमरेच्या जुडग्याकडे गेला.

"गळ्याखालचं हाड किल्लीसारखं दिसलं त्यांना!"

"शहाणे हो मेले! आणि मॅस्टॉइड?"

"कानामागचं हाड."

"अर्थ विचारत्येय मी."

प्रभाकर कानापर्यंत लाल झाला. "तो आईला सांगण्यासारखा नाही."

आवडाबाईंची मजल बाराखडीपुढे नव्हती. पण सासरी तीन पिढ्यांचं वेदपठण त्यांनी चुलीपासून ऐकलं होतं. "मान हलवल्याशिवाय पाठ होतं का कधी? सूर खाली, मान खाली. सूर वर, मान वर. आणि मॅसवर दे झटका!"

तिन्हीसांजेला शब्द घडाघडा वाहू लागला. मान थांबली, की मात्र जीभही थांबायची! आवडाबाईंनी तिकडे काणाडोळा केला.

दुसऱ्या दिवशी प्रभाकर परतला तो तोंड भिंतीकडे करून. आवडाबाई चुलीपासून उठून आल्या.

"माझ्याकडे बघत का नाहीस? बुडवलंस ना?"

"पास झालो! साहेबानं नाव विचारलं, मी मानेसकट सांगितलं. झटक्यासरशी तो स्नायू दोरखंडासारखा वर आला! साहेब एवढा खूष, की सगळी मुलं गोळा करून मला सात वेळा म्हणायला लावलं. सातव्याला अडकली!"

"जीभ?"

"मान!"

आवडाबाईंनी तेल कोमट केलं. छातीपासून, गळ्याखालच्या किल्लीपासून थेट कानामागे बोट फिरवलं. शब्द सांगत होता तीच वाट! नाव ठेवणाऱ्याला त्यांनी मनातल्या मनात हात जोडले.

मग भिंतीच्या बाजूला जाऊन, मुलाच्या तोंडासमोर बसत त्या म्हणाल्या, "शब्द सोन्यासारखा आहे, पभ्या. सगळा पत्ता नावातच! तूही हुशार निघालास. पण पुढचा शब्द कमरेचा आला, तर माझ्याकडे शिकायला येऊ नकोस!"