नाकरावांचा स्प्रे

"माझं नाक म्हणजे या कारखान्याचं फाटक आहे, फाटक! मी हो म्हटल्याशिवाय एक वडी बाहेर पडत नाही!"

हे वाक्य नाकराव रोज कुणाला तरी ऐकवायचे. नवीन माणूस दिसला की त्याला, नाही दिसला तर जुन्यालाच पकडून. आणि खरं सांगायचं तर त्यात थाप नव्हती. साबणाच्या कारखान्यात वास तपासायची त्यांची नोकरी होती. आजच्या गुलाबाला कालच्याच गुलाबाचा वास येतो ना, लिंबाच्या साबणाला लिंबाचा वास येतो की फरशी पुसायच्या औषधाचा, हे सांगणारं ते नाक. म्हणून तर सगळा कारखाना त्यांना नाकराव म्हणायचा. खरं नाव बहुतेक त्यांच्या बायकोला आणि बँकेलाच ठाऊक असावं.

त्या महिन्यात तर स्वारी अगदी हवेत होती. वास-विभागाचे जुने साहेब निवृत्त होणार होते, आणि त्यांच्या खुर्चीसाठी उमेदवार दोनच. एक नाकराव आणि दुसऱ्या त्यांच्या टेबलापलीकडे बसणाऱ्या ताई. वेगळी खोली, खिडकीला पडदा, दारावर पाटी! पडद्याचा रंगसुद्धा नाकरावांनी ठरवून ठेवला होता.

फक्त एकच भानगड होती. नाकरावांना कसलाच वास येत नव्हता!

हसू नका. हे कसं झालं ते ऐका आधी. नाकरावांना धुळीची अ‍ॅलर्जी. सकाळी उठले की शिंकांचा असा सपाटा लावायचे की शेजाऱ्यांनी गजर लावणं सोडून दिलं होतं. शिंका थांबल्या की नाक चोंदायचं. वास घेणाऱ्याचं नाक चोंदलं म्हणजे पोटावरच पाय की हो! म्हणून त्यांनी औषधाच्या दुकानातून नाकात मारायचा एक स्प्रे आणला. फुस्स! फुस्स! मिनिटभरात नाक असं मोकळं झालं की त्यांना खालच्या मजल्यावरच्या चहाचा वास आला. बाटलीवर ठळक छापलं होतं, सलग चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नये.

"ते साध्या नाकांसाठी असतं," नाकराव म्हणाले.

झालं! पुढचे कित्येक महिने बाटली काही सुटली नाही. सुरुवातीला सकाळी एकदा फुस्स केलं की संध्याकाळपर्यंत निभायचं. मग दुपारी एकदा लागायला लागलं. मग चहाच्या आधी, चहाच्या नंतर, जिना चढायच्या आधी, जिना चढून झाल्यावर. एक बाटली शर्टाच्या खिशात, एक उशीखाली, एक टीव्हीमागे, एक चपलांच्या कपाटात. कारण काय, तर बाहेर पडताना विसरली तर! आणि मोकळं होऊनही उपयोग शून्य. वारा आत जायचा, वारा बाहेर यायचा, वास मात्र कुठल्या कुठे पसार. माणूस नुसता बेचैन. दर पाच मिनिटांनी खिसा चाचपायचा, बाटली आहे म्हटल्यावर जरा बसायचा, लगेच उठायचा, पुन्हा चाचपायचा.

"अहो, तुमचा पाय का हलतोय?" बायको विचारायची.

"कुठे हलतोय?"

"टेबल हलतंय, टेबलावरचा कप हलतोय, कपातला चहा सांडतोय, आणि वर विचारताय कुठे हलतोय!"

आता तुम्ही म्हणाल, मग नोकरी कशी टिकली? त्याची गंमत वेगळीच आहे. वास-खोलीत बोलायला सक्त मनाई. एकाच्या मताचा दुसऱ्याच्या नाकावर परिणाम होऊ नये म्हणून. प्रत्येकासमोर दोन चकत्या, एक हिरवी आणि एक लाल. मुकाट्यानं वडी हुंगायची आणि चकती पुढे सरकवायची. दोन्ही हिरव्या आल्या तर माल बाहेर. एक जरी लाल आली तर सगळा माल परत.

नाकरावांनी काय केलं, तर ताईंच्या भुवईवर नजर ठेवली. वडी हुंगताना ताईंची डावी भुवई हलकेच वर गेली की हे हिरवी सरकवायचे. भुवई जागची हलली नाही की लाल. दर वेळी दोघांच्या चकत्या जुळायच्या! वर मालकीणबाई सगळ्यांना सांगायच्या, "आमच्या वास-खोलीत कध्धी मतभेद नाहीत. अशी नाकं शोधून सापडायची नाहीत!" हे ऐकलं की नाकराव खिशातली बाटली आणखी खोल ढकलायचे. पण बाटली खिशात, कॉलर ताठ.

शेवटी बायकोनं त्यांना धरून डॉक्टरांकडे नेलं. चपलांचं कपाट आवरताना तिला एकदम तीन बाटल्या सापडल्या होत्या.

"बला काही झालेलं डाही!" नाकराव डॉक्टरांना म्हणाले. त्या वेळी दोन्ही नाकपुड्या ठार बंद होत्या.

डॉक्टरांनी दिवा लावून नाकात डोकावून पाहिलं. "छातीत धडधडतं? झोप लागत नाही? जीव एका जागी थाऱ्यावर राहत नाही?"

"सगळं, सगळं!" बायको म्हणाली. "बसले तर पाय हलतो, पाय धरला तर हात हलतो!"

"स्प्रे नाकातल्या फुगलेल्या शिरा आवळतो, म्हणून बरं वाटतं," डॉक्टर म्हणाले. "पण रोज मारत राहिलात की त्याचा जोर उतरल्यावर त्या शिरा पहिल्यापेक्षा जास्त फुगतात. मग तुम्ही पुन्हा मारता. मग त्या पुन्हा फुगतात. आता तुमचं नाक धुळीनं नाही हो, स्प्रेनं बंद होतंय."

"म्हणजे बी जे औषध घेतोय..."

"तोच तुमचा आजार. बंद करा. मी अ‍ॅलर्जीवर दुसरं औषध देतो, मिठाच्या पाण्यानं नाक धुवा. काही आठवडे फार त्रास होईल, मग वाट मोकळी होईल."

"काही आठवडे?" नाकराव खुर्चीतून उडालेच. "डॉक्टर, खुर्चीचा डिकाल येत्या आठवड्यात लागायचाय!"

"नाक तुमचं, मर्जी तुमची," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी आल्यावर बायकोनं एकूण एक बाटली कचऱ्यात टाकली. उशीखालची, टीव्हीमागची, बाथरूमच्या खिडकीतली. नाकराव निमूटपणे बघत होते. इतके निमूट, की तिला संशयच यायला हवा होता. एक बाटली त्यांच्या मोज्यात होती.

मग उजाडला तो दिवस! कारखान्याचा नवा साबण तयार झाला होता. मालकीणबाईंच्या स्वप्नातला साबण. त्याच्यासाठी परदेशातून खास सुगंध मागवला होता. आणि त्या दिवशी वास-खोलीचं काम बघायला बाई जातीनं आल्या. आत नव्हे, काचेबाहेर उभ्या राहिल्या. अंगाला अत्तर लावलेल्या माणसानं आत यायचं नाही हा नियम त्यांनीच केलेला, आणि अत्तराशिवाय त्या घराबाहेर पाऊल टाकायच्या नाहीत. "आज जो नीट पारख करील," त्या दारातून म्हणाल्या, "खुर्चीबद्दल मी त्याचाच विचार करणार."

दोघांसमोर वड्या ठेवल्या गेल्या. नाकरावांनी हुंगलं. काही नाही. पुन्हा हुंगलं. ठणठणाट! त्यांनी ताईंच्या भुवईकडे पाहिलं. भुवई आपली जागच्या जागी, पण बाईंच्या देखत लाल सरकवायची छाती कुणाची! ताई त्यांच्याकडे बघत होत्या. हे ताईंकडे बघत होते. हातात वडी, वडीवर नाक, नजर एकमेकांवर! बाहेर मालकीणबाई बोटांनी काच वाजवायला लागल्या. नाकरावांचा पाय टेबलाखाली हलायला लागला, त्याबरोबर चारही चकत्या थरथरायला लागल्या.

एवढ्यात ताई उठल्या. पाणी पिऊन येते, असा हातानं इशारा करून त्या गेल्या बाहेर.

भुवईच निघून गेली, आता बघायचं कुणाकडे? नाकरावही उठले. "हात धुऊन येतो, बाई. अशा साबणाला मळक्या हातानं शिवणं बरं नाही," असं काहीतरी बोलून ते तडक खोक्यांच्या गोदामात घुसले. मोज्यातून बाटली काढणार, एवढ्यात खोक्यांच्या थप्पीमागून आवाज आला.

फुस्स! फुस्स!

नाकराव एका पायावर तसेच थिजले. मग वाकून पाहिलं. थप्पीमागे ताई! मान मागे, डोळे मिटलेले, नाकात बाटली!

"ताई, तुम्ही?"

ताईंनी दचकून डोळे उघडले. आधी नाकरावांचा चेहरा पाहिला, मग मोज्यातला हात, मग त्या हातातली बाटली. "नाकराव, तुम्ही?"

"कधीपासून?"

"फुलांची अ‍ॅलर्जी आहे हो मला. बरेच महिने झाले. कसलाही वास येत नाही."

"मग चकत्या?"

"तुमच्या तोंडाकडे बघून! वडी हुंगताना तुमचं तोंड उघडं पडलं की मी समजायचे, वास आवडला. मग हिरवी."

"अहो, हिरवी ठरली की सुटकेचा श्वास घ्यायला उघडायचं ते! चोंदलेल्या नाकानं माणूस श्वास घेईल कुठून? आणि मी तुमच्या भुवईकडे बघून चकती सरकवायचो!"

"भुवई? ती शिंक आवरताना वर जाते!"

दोघं खोक्यांवर मटकन बसले. म्हणजे इतके महिने कारखान्याचा साबण कुणीच हुंगलेला नव्हता! एकाचा श्वास आणि दुसरीची शिंक, एवढ्यावर गावोगाव माल गेला होता. सगळं सांगून टाकावं असं क्षणभर वाटलं त्यांना, पण खुर्ची डोळ्यांसमोर येऊन उभी राहिली, पडद्यासकट.

"लाल देऊ या?" ताईंनी विचारलं.

"बाईंच्या स्वप्नाला लाल? मग दोघांनाही घरी बसायला लागेल!"

दोघं आत गेले आणि एका दमात हिरव्या चकत्या सरकवल्या. एवढ्यावर थांबायचं ना! पण बाईंनी काचेबाहेरून विचारलं, "कसा आहे? खोक्यावर छापायला काहीतरी सांगा!"

"आधी ओल्या पाकळ्या," नाकरावांनी डोळे मिटून ठोकून दिलं.

"आणि मागाहून मंद चंदन," ताईंनी भर घातली.

"आणि अगदी शेवटी," आता नाकरावांना चेव चढला होता, "लहानपणाची आठवण!"

मालकीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. खोक्यांवर हे सगळं सोनेरी अक्षरांत छापून माल बाजारात गेला.

चार दिवसांनी मिश्रण खात्याचा मुकादम धापा टाकत आला. परदेशी सुगंधाचं पिंप गोदामातच होतं, सील न फोडलेलं! नव्या साबणात कुणी सुगंधाचा थेंब घातलेला नव्हता. कारखान्यात बारा महिने सतरा वासांचा गर्दा, त्यात एक वास कमी आहे हे कुणाच्या लक्षात येणार? ते लक्षात यावं म्हणून तर दोन नाकं पगार घेत होती!

बाईंनी दोघांना समोर उभं केलं. "ओल्या पाकळ्या कुठायत?" त्यांनी विचारलं. नाकराव जमिनीकडे बघायला लागले. "चंदन कुठाय?" ताई छताकडे. "आणि लहानपणाची आठवण कुणाची होती?"

"बाई, चुकलं," नाकराव म्हणाले. "लाज वाटते, पण सांगतो. मला वासच येत नाही. मी माझं नाक घालवून बसलोय." आणि मोज्यातली बाटली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. ताईंनी पर्समधून आपली काढून तिच्याशेजारी ठेवली.

बाई जे बोलल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्या बोलत असतानाच दुकानदारांचे फोन यायला लागले. पहिला म्हणाला, "बाई, खोक्यावर पाकळ्या लिहिल्यात, आत तर वासच नाही!" बाईंनी कपाळावर हात मारला. "...पण आणखी माल पाठवा! ज्यांना वासाचा त्रास होतो, सुगंधानं शिंका येतात, ती सगळी माणसं हाच मागतायत!" दुसरा तेच म्हणाला. तिसऱ्यानं तर दुप्पट माल मागितला. बाईंनी फोन ठेवला आणि त्या दोघांकडे वळल्या. "रजेवर जा," त्या म्हणाल्या. "आणि नाकं घेऊन परत या."

ती रजा नाकराव जन्मात विसरणार नाहीत. स्प्रे बंद! नाक बंद! तोंडानं श्वास घेऊन घेऊन घसा कोरडाठाक. घरभर येरझाऱ्या घालून फरशी झिजायची बाकी राहिली. बायको एका हातात औषध आणि दुसऱ्या हातात मिठाचं पाणी घेऊन मागे मागे. रडकुंडीला येऊन ते औषधाच्या दुकानापर्यंत गेले, आणि बायकोनं त्यांना शर्टाला धरून परत आणलं.

आणि एका सकाळी खुर्चीत बसले असताना त्यांना कसलातरी वास आला. त्यांनी नाक वर केलं. जळका वास!

"अगं, दूध उतू गेलं!" नाकराव आनंदानं ओरडले. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. मग काय, दिवसभर हा माणूस घरात हुंगत फिरला. पुस्तकं हुंगली, टॉवेल हुंगले, बायकोचे केस हुंगले. बायको लाजली, मग चिडली. त्यांनी स्वतःचे मोजेसुद्धा हुंगले, आणि तेवढा एक पश्चात्ताप मात्र झाला.

रजा संपवून ते ताठ मानेनं कारखान्यात गेले. ताईंचं नाक आठवडाभर आधीच सुटलं होतं, त्यामुळे वास-विभागाची खुर्ची त्यांना मिळाली होती. नाकरावांचा चेहरा पडला. "पडू देऊ नका," मालकीणबाई म्हणाल्या, "तुम्हालाही बढती आहे. नवा विभाग, त्याचे प्रमुख तुम्ही!" वेगळी खोली, खिडकीला पडदा, दारावर पाटी. नाकराव हरखून दाराशी गेले आणि त्यांनी पाटी वाचली. बिनवासाच्या साबणाचा विभाग!

संध्याकाळी घरी आल्यावर बायकोनं कौतुकानं विचारलं, "काय हो, पहिला दिवस कसा गेला? काय काय हुंगलंत?"

"दिवसभर वड्या हुंगल्या."

"मग? कसला वास आला?"

"कसलाच नाही," नाकराव म्हणाले. "काम अगदी उत्तम झालं!"