चार सुरांच्या खोऱ्यात वेगळ्या चुलीचा वाद

वाग्देवतेस नमन, डोंगरास नमन, डोंगरावरील पावसास नमन, आणि वाचणारांच्या धीरास विशेष नमन. शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभव नाम संवत्सर, भाद्रपद मास. संवत्सराचे नाव अशुभ खरे, परंतु ते पंचांगाने ठेविले, आमचा इलाज नाही. आज्ञा जाहली की, पश्चिम समुद्राकाठच्या डोंगरी राज्यात वेगळ्या चुलीचा वाद माजला आहे, त्याची हकिकत साद्यंत लिहोन पाठवावी. सेवकाची मती थोडी, माहिती बहुतेक ऐकीव, आणि दोन सांगणारे दोन गोष्टी सांगतात तेथे कोणाचे खरे हे ठरविण्याइतकी छाती नाही. तरी जैसे समजले तैसे लिहितो, उणे अधिक असेल ते सांभाळून घ्यावे.

ते राज्य थोरल्या गादीच्या, म्हणजे पलीकडल्या बलाढ्य राज्याच्या, शेजारी. कैक शतकांमागे थोरल्या गादीने तरवारीने जोडून घेतले, आणि मग तरवार गंजली तरी जोड राहिली. भाषा त्यांची निराळी, पाऊस अमाप, मेंढरे माणसांहून अधिक. पूर्वी डोंगरांच्या पोटातून दगडी कोळसा निघे आणि त्यावर थोरल्या गादीची जहाजे चालत, आणि मग कोळसा नकोसा जाहला आणि खाणी मिटल्या, आणि जे खाणीत उतरत ते म्हातारे होऊन दारात बसले, आणि थोरल्या गादीच्या खजिन्यातून पेन्शन येऊ लागली तीवर घरे चालू लागली. तेव्हा राज्यात दोन पक्ष जाहले. एक वेगळ्या चुलीचा, म्हणजे थोरल्या गादीपासून निराळे व्हावे म्हणणारांचा. तो म्हणे, आमच्या खोऱ्यांचे पाणी थोरल्या गादीची शहरे पितात, आमच्या समुद्रावरील वाऱ्याची वीज तिकडे जाते, लहान लहान राज्ये जगात सुखाने नांदतात, मग आम्हीच काय पाप केले. दुसरा एका चुलीचा. तो म्हणे, आपल्या राज्यात जमा थोडी आणि खर्च फार, वरची भर थोरली गादी घालते, उद्या चूल वेगळी केली तर सरपण कोठून आणाल, नाणे कोणाचे चालवाल, आणि मेंढरू विकावयास डोंगर उतरले की पुढे जकातीची चौकी उभी, तेव्हा काय कराल. दोन्ही पक्षांकडे पंडित होते, आणि दोन्हीकडचे पंडित एकाच आकड्यातून दोन निराळी उत्तरे काढीत. सेवकाने दोन्ही वाचली. वाचताना दोन्ही पटली, हा सेवकाचा दोष.

आता त्या राज्याची एक रीत सांगणे जरूर, कारण पुढील सर्व गोष्ट तीवर आहे. तेथे मयत असो, लग्न असो की राजसभा असो, गायनावाचून काही उघडत नाही. आणि गायन एकसुरी नव्हे. चार टोळ्या चार निरनिराळ्या चाली एकाच वेळी म्हणतात, खाली खर्जवाले, वर तारवाले, मध्ये दोन मधल्या टोळ्या, आणि चारही एकमेकींवर बसून एक गाणे होते. ही भजने लोकांस पाळण्यापासून पाठ. राजसभेचे मोठे अधिवेशन भरले की एकेका खोऱ्याच्या गायकमंडळीने पाळीने जाऊन गावयाचे, आणि जी मंडळी पाळी चुकवील तिचे नाव पाळीतून कायमचे जावयाचे, असा कायदा.

त्या वर्षी सभेने ठरविले की वेगळ्या चुलीचा वाद सर्वांसमक्ष एकदा मांडून घ्यावा. थोरल्या गादीचे वकील ऐकावयास येणार होते. आणि गायनाची पाळी एम्लिनरावांच्या खोऱ्याची आली. हे एम्लिनराव मंडळीचे मुख्य. तरुणपणी खाणीत उतरले, कोळशाची धूळ छातीत बसली आणि गळा गेला, तेव्हापासून स्वतः गात नसत, हाताच्या खुणेने मंडळीस गाववीत. त्या खोऱ्यातली खाण गेली होती, शाळा गेली होती, आगगाडी थांबत नव्हती. राजधानीत खोऱ्याचे नाव घेतले जाई ते एवढ्या मंडळीमुळे. पाळी चुकली तर तेही जावयाचे, हे एम्लिनरावांस ठाऊक होते, आणि त्यांची झोप उडाली होती.

कारण मंडळी फुटली होती. खर्जवाले बहुतेक जुने खाणकरी, पेन्शनवर जगणारे, ते एका चुलीचे जाहले. तारवाले तरणे, कामासाठी थोरल्या गादीच्या शहरांकडे जावे लागणारे, ते वेगळ्या चुलीचे जाहले. मधले दोन सूर ज्या घरी जेवण त्या घरचे मत, ऐसे वागत. खर्जवाल्यांचे पुढारी ग्विलिमजी, देह धिप्पाड, आवाज जमिनीखालचा. तारवाल्यांचा पुढारी गेथिन, दवाखान्यातील परिचारिका हेल्वेनबाई यांचा एकुलता पुत्र, बोलणे चुरचुरीत. तालमीस एक पक्ष आला की दुसरा उठोन जाई. एके दिवशी खर्जवाले एकटेच गायिले, ते गोठ्यात हंबरल्यासारखे जाहले, आणि दुसरे दिवशी तारवाले एकटे गायिले, ते घारींसारखे जाहले, आणि दोन्ही पक्ष म्हणाले, आमचे काय वाईट आहे.

मग एम्लिनरावांनी दोघां पुढाऱ्यांस प्रार्थनामंदिरात बोलाविले आणि विचारिले, "अधिवेशनास येता की नाही, एवढे सांगा."

ग्विलिमजी बोलिले, "मी येईन. पण ह्या पोराच्या शेजारी उभा राहणार नाही. हा माझी पेन्शन वाऱ्यावर टांगतो."

गेथिन म्हणाला, "ग्विलिमकाका, वाऱ्यावरच तर सगळे उभे करायचे आहे. समुद्रातल्या पवनचक्क्या बघितल्या नाहीत वाटतं कधी?"

"बघितल्या. आणि त्या फिरतात तेव्हा बिल मलाच येते."

"ते बिल थोरली गादी पाठवते म्हणून तर भांडतोय."

"आणि तुझी गादी झाली की फुकट पाठवशील?"

एम्लिनराव मध्ये पडले. त्यांची शिकविण्याची एक जुनी युक्ती होती. एखादे गाणे बसेना तर ते सूर उलटे करीत, म्हणजे खर्जवाल्यांस तारेची चाल म्हणावयास लावीत आणि तारवाल्यांस खर्जाची, आणि दुसऱ्याची चाल किती अवघड हे कळले की मग आपापल्या चालीवर परत आणीत. ते म्हणाले, "तेच येथे करू. रविवारी सारा गाव बोलावतो. ग्विलिम, तू वेगळ्या चुलीचे भाषण करशील. आणि गेथिन, तू एका चुलीचे. थट्टा नको, मनापासून. मग मंडळी एक होईल."

दोघेही हसले आणि दोघेही कबूल जाहले, कारण प्रत्येकास वाटले की समोरच्याचे मत आपल्या तोंडाने मूर्खासारखे वदून दाखवावे.

रविवार आला आणि मंदिर भरले. प्रथम ग्विलिमजी उठले आणि गेथिनची नक्कल करीत म्हणाले, "बंधूंनो, वारा आमचा, पाणी आमचे, पाऊस तर विचारूच नका," आणि खर्जवाले पोट धरून हसले. मग आणखी काही सांगावे म्हणोन त्यांनी आगगाडीचे काढिले. म्हणाले, "आपल्या राज्यात दक्षिणेहून उत्तरेस थेट गाडी आहे का? नाही. आधी पूर्वेस थोरल्या गादीच्या मुलखात जा, तेथे बदला, आणि मग वळसा घालून आपल्याच राज्यात परत या. रूळ माणसांसाठी घातलेच नव्हते. कोळसा बाहेर न्यावयास घातले." येथवर नक्कल चालली होती. मग ते थांबले, आणि आवाज निराळा होऊन बोलिले, "माझी बहीण उत्तरेस दिली होती. ती गेली तेव्हा मी निघालो. दोनदा गाडी बदलली, परक्या फलाटावर बसून राहिलो, आणि पोचलो तेव्हा माती देऊन लोक परतत होते. एकाच राज्यातली आम्ही दोघे." मग ते खाली बसले.

मग गेथिन उठला. तोही प्रथम ग्विलिमजींसारखा खोकला आणि गुडघा धरून म्हणाला, "माझी पेन्शन," आणि तारवाल्यांनी टाळ्या दिल्या. मग त्याची नजर पुढल्या बाकावरील आईकडे गेली. तो म्हणाला, "आई ज्या दवाखान्यात आहे त्याचा पगार कोठून येतो ते मी शोधले होते. सभेत सांगत नाही एवढेच. लहान राज्ये सुखी आहेत हे खरे, पण सुखी होईपर्यंत त्यांची पहिली वर्षे कशी गेली ते मी वाचले आहे, आणि तेही सांगत नाही. कारण ती वर्षे मला जड जाणार नाहीत. मी तरणा आहे, कोठेही जाईन. जड जातील ती ह्या मागल्या बाकांना." आणि मागल्या बाकांवर खर्जवाले बसले होते.

हेल्वेनबाई तेथूनच बोलिल्या, "गेथिन, मी दोन वर्षे तुझ्या पक्षाचे फलक रंगवते आहे. हे घरी का नाही सांगितलेस?"

"घरी तू मला भाषण करू देतेस का, आई?"

"आता केलेस ना. माझे मत गेले तिकडे. फलक तूच रंगव."

एम्लिनरावांस वाटले, कार्य जाहले. त्यांनी हात वर केला की आता गावे. तो मागे गलका उठला. खर्जवाले ग्विलिमजींस म्हणाले, "तू फितूर झालास, एवढे खरे कोणी बोलायचे असते काय?" आणि तारवाले गेथिनास म्हणाले, "फितूर, आमची बाजू बुडवलीस." आणि दोन्ही पक्षांनी आपापला पुढारी काढून टाकिला आणि दोन दरवाजांनी निघोन गेले. ग्विलिमजी म्हणाले, "एम्लिन, मी दुसऱ्याचे बोललो, पण आता ते माझ्या पोटातून निघत नाही." सूर उलटे केले तर तालमीनंतर सूर जागेवर परत येतात, माणसे येत नाहीत, हे एम्लिनरावांस तेव्हा कळले. त्यांचा आयुष्याचा अभ्यास सुरांचा होता, येथे त्यांची चूक जाहली. चूक कोणाकडूनही होते.

अधिवेशनाचा दिवस आला. सकाळी मंदिरासमोर बस उभी राहिली, पाऊस लागला होता, आणि एम्लिनराव छत्री घेऊन दारापाशी उभे. कोणी येईना. मग वरच्या आळीतून ग्विलिमजी आले आणि खालच्या आळीतून गेथिन आला, दोघेही आपापल्या पक्षाने टाकिलेले, आणि दोन बाजूंच्या खिडक्यांशी बसले. चालकाने विचारिले, "बाकीचे?" एम्लिनराव म्हणाले, "चल." ती मोठी बस तिघांस घेऊन निघाली.

राजधानीत सभागृह भरले होते. एका अंगास वेगळ्या चुलीचे, एका अंगास एका चुलीचे, मध्ये थोरल्या गादीचे वकील, आणि सज्ज्यात सर्व खोऱ्यांचे लोक. अध्यक्षीणबाईंनी खोऱ्याचे नाव पुकारिले आणि तिघे पुढे गेले. वकील मृदू माणूस, त्यांनी हळूच विचारिले, "मंडळी एवढीच?" एम्लिनराव बोलिले, "आज एवढी." बाकांवर कोणी हसले. एम्लिनरावांच्या मनात आले की पाळी चुकली नाही, पण खोऱ्याची अब्रू आज येथे जाते, आणि ती मीच घालवितो. तरी त्यांनी हात उचलिला.

आणि ग्विलिमजींनी खालची चाल धरिली, आणि गेथिनाने वरची. दोघेही बरोबर गात होते, चूक तसूभर नाही, परंतु मधल्या दोन चाली नव्हत्या, आणि वर छप्पर व खाली जोते, मध्ये भिंतच नाही, ऐसे ते ऐकू येई. पहिली ओळ कशीबशी गेली. दुसऱ्या ओळीस सज्ज्यातून एका बाईने मधली चाल धरिली, तीस राहवेना म्हणोन. मग तिच्या शेजारच्यांनी धरिली, आणि मग वेगळ्या चुलीच्या बाकांवरून एक टोळी शिरली, आणि समोरच्या बाकांवर जे हसले होते त्यांनी उरलेली चौथी घेतली, कारण त्या राज्यातील मनुष्यास अर्धे गाणे कानाने सोसवत नाही, मत काही असो. वकील एकटेच गप्प बसले होते, त्यांस कोणती चाल आपली ते ठाऊक नव्हते. एम्लिनरावांनी दोन माणसांसाठी उचललेला हात सबंध सभागृहाकडे वळविला आणि शेवटचे कडवे दोनदा गावविले. एरवी तसा शिरस्ता नाही.

मग सभा उघडली आणि वाद जाहला. पाण्याचे निघाले, विजेचे निघाले, पेन्शन, नाणे आणि चौकी, सर्व निघाले, आणि दोन्हीकडचे पंडित पुन्हा दोन उत्तरे देते जाहले, आणि निवाडा पुढल्या अधिवेशनावर गेला. परतताना बसमध्ये ग्विलिमजी आणि गेथिन एका बाकावर आले आणि पुन्हा भांडू लागले, गाडीच्या रुळांवरून आरंभ होऊन दवाखान्यापर्यंत. दोघेही मध्येच एकमेकांची बाजू उचलीत आणि मध्येच टाकीत. कोण कोणत्या चुलीच्या वतीने बोलतो हे पुढल्या बाकावरील एम्लिनरावांस काही केल्या समजेना, आणि त्यांनी मागे वळोन विचारिले नाही. खोऱ्यातील मंडळीने सर्व टीव्हीवर पाहिले होते. पुढल्या तालमीस सगळे आले. खर्जवाले आणि तारवाले शेजारी बसले नाहीत, समोरासमोर बसले, आणि एम्लिनरावांनी तेवढ्यावर भागविले.

तात्पर्य, चूल वेगळी जाहली नाही आणि एक राहीलच ऐसेही ठरले नाही. खोऱ्याची पाळी राहिली. वेगळे होऊन ते राज्य पोटास खाईल की उपाशी राहील, हे सेवकास पुसाल तर सेवक जाणत नाही. जाणतो ऐसे म्हणणारे दोन्हीकडे पुष्कळ आहेत, त्यांस पुसावे. परंतु जो मुलूख एकमेकांवर रुसूनही दुसऱ्याची चाल उघडी पडू देत नाही, त्याचे फार वाईट होणार नाही, ऐसे सेवकास वाटते, आणि यात सेवकाची चूक असेल तर ती मात्र दुरुस्त करू नये ही विनंती. बहुत काय लिहिणे. लेखनमर्यादा.